उद्योगाचा कुटुंबधर्म

जानेवारी २०२५मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे आठवड्याला ९० तास काम करण्यासंबंधीचे उद्गार प्रसिद्ध झाले आणि देशभर वादळ उठले. रविवारी घरी बसून पती-पत्नीने एकमेकांकडे किती वेळ पाहत राहायचे, असा त्यांचा सवाल होता. त्यापूर्वी ऑक्टोबर २०२३मध्ये नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला होता. या दोघांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. लार्सन अँड टुब्रोनेच दोन महिन्यांनी, मार्च २०२५मध्ये, आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मासिक पाळीसाठी दरमहा एक दिवसाची सवेतन रजा जाहीर केली, याचीही नोंद घेतली पाहिजे. मात्र तासांच्या या हिशेबात एक मूलभूत प्रश्न बाजूला पडला. कामावर येणारा माणूस घरातून येतो आणि घरीच परततो. त्या घराशी उद्योगाचे काही नाते आहे की नाही?

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गीय घराचे चित्र गेल्या दोन पिढ्यांत पालटले आहे. आजी-आजोबा गावी, मुलगा-सून पुण्यात वा ठाण्यात, दोघेही नोकरीत आणि प्रवासात रोजचे दोन-तीन तास खर्ची. मूल जन्माला येते आणि घरात प्रश्न उभा राहतो, नोकरी कोणी सोडायची? उत्तर बहुधा ठरलेलेच असते. दहा-बारा वर्षे कष्टाने शिकलेली, कामात मुरलेली स्त्री तिशीच्या आसपास राजीनामा देते. जी स्वेच्छेने घराला वेळ देते, तिचा निर्णय आदरणीयच आहे. पण जिच्यापुढे दुसरा मार्गच नसतो, तिच्या निर्णयाला स्वेच्छा म्हणता येत नाही. तिच्या शिक्षणावर समाजाने केलेला खर्च वाया जातो, उद्योग एक अनुभवी हात गमावतो आणि कित्येक घरांत दुसऱ्या मुलाचा विचारही मागे पडतो. कुटुंबसंस्थेविषयी चिंता वाहणाऱ्यांनी हे दुखणे भाषणांच्या पलीकडे जाऊन समजून घेतले पाहिजे.

भारतीय चिंतनाने गृहस्थाश्रमाला अन्य तिन्ही आश्रमांचा आधार मानले आहे. एप्रिल १९६५मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानांतून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शन मांडले. माणूस म्हणजे केवळ पोट नव्हे. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा तो समुच्चय आहे आणि व्यक्ती, कुटुंब, समाज व राष्ट्र यांचे हित परस्परविरोधी नाही, हे त्याचे सूत्र आहे. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५मध्ये स्थापन केलेल्या भारतीय मजदूर संघाने याच भूमिकेतून वर्गसंघर्षाच्या जागी औद्योगिक परिवाराची कल्पना ठेवली. आज 'आपण सारे एक परिवार आहोत' हे वाक्य अनेक कंपन्यांच्या भिंतींवर झळकते. दुर्दैवाने त्याचा उपयोग बहुतेकदा माणसाला रात्री उशिरापर्यंत थांबवून घेण्यासाठी होतो. परिवार म्हणायचे असेल, तर परिवाराचे कर्तव्यही स्वीकारावे लागेल. घरातील वडीलधारा माणूस आजारी मुलाच्या आईला 'आज तू बैस, तुझे काम मी पाहतो' असे सांगतो. तसे सांगणारा वरिष्ठ किती कार्यालयांत आढळेल?

हा विचार पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राकडून उसना आणलेला आहे, असे समजण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाची, म्हणजे सूतकताईच्या प्रमुखाची, कर्तव्ये सांगितली आहेत. ज्या स्त्रिया घराबाहेर पडू शकत नाहीत, ज्यांचे पती परगावी आहेत किंवा ज्या अपंग आहेत, त्यांना दासींमार्फत घरपोच काम द्यावे, त्यांना सन्मानाने वागवावे आणि वेतनास विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड करावा, असा दंडक तेथे आहे. काळ निराळा होता, समाजरचनाही निराळी होती. पण काम माणसाच्या परिस्थितीला जुळवून देता येते, हे तत्त्व या भूमीला ठाऊक होते.

आधुनिक काळातही त्याची उदाहरणे आहेत. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२मध्ये, सवेतन रजा १९२०मध्ये आणि प्रसूतिलाभ १९२८मध्ये सुरू झाला. देशातील कायदे त्यानंतर आले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१०मध्ये औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही उभी केली. त्याच वाडीतून १९३०मध्ये 'स्त्री' मासिक निघू लागले, हा योगायोग नव्हे. कामगाराच्या घरात डोकावून पाहण्याची दृष्टी त्या उद्योगाला होती.

मुंबईत गिरगावातील सात गृहिणींनी १९५९मध्ये ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर लिज्जत पापडाचा उद्योग आरंभला. भगिनींनी केंद्रावरून पीठ न्यायचे, घरी सवडीने पापड लाटायचे आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, ही त्याची पद्धत. येथे कामाची वेळ घर ठरवते. याहून महत्त्वाचे म्हणजे पापड लाटणारी भगिनीच पुढे शाखेची संचालिका होऊ शकते. घर सांभाळले म्हणून तिची बढती अडत नाही. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले, तो या पद्धतीचाही गौरव होता.

कायद्याच्या बाबतीत भारत मागे नाही. २०१७च्या दुरुस्तीने सवेतन प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. या तरतुदी आता नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहेत. तथापि, येथे एक मेख आहे. राज्य विमा योजनेच्या कक्षेबाहेरील महिलांच्या रजेचा सारा आर्थिक भार एकट्या मालकावर पडतो. मोठ्या कंपन्या तो सोसतात. पंधरा-वीस माणसांचा लघुउद्योजक मात्र नवविवाहित मुलीचा अर्ज पाहताच मनात हिशेब मांडू लागतो. कारण न सांगता तो अर्ज बाजूला ठेवला जातो आणि संरक्षणासाठी केलेला कायदाच तिच्या वाटेतील अडसर ठरतो.

हा धोका जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका द्रष्ट्या नेत्याने ओळखला होता. १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाची चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९मध्ये कायदा झाला. त्यांच्या या मुद्द्याचा पुरेसा विचार मात्र आजही झालेला नाही. येणारे मूल कोणा एका कंपनीचे नसते, ते राष्ट्राचे असते. म्हणूनच लहान उद्योगांच्या बाबतीत रजावेतनाचा भार शासनाने अथवा व्यापक विमा योजनेने वाटून घ्यावा, ही मागणी लघु उद्योग भारती आणि भारतीय मजदूर संघ यांनी एकत्रितपणे लावून धरण्याजोगी आहे. येथे मालक आणि कामगार यांचे हित एकच आहे.

तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. पाळणाघर अनेक आस्थापनांनी मिळून चालवण्यास कायद्याची मोकळीक आहे. भोसरी, अंबड किंवा गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत दहा कारखान्यांनी एकत्र येऊन एक उत्तम पाळणाघर चालवणे अशक्य आहे काय? बाळंतपणानंतर परतलेल्या स्त्रीला तिच्याच जागी, तिच्याच दर्जाचे काम मिळावे आणि रजेवर होती म्हणून त्या वर्षीची बढती नाकारली जाऊ नये, यासाठी पैसा लागत नाही, नियत लागते. काही वर्षे घरी राहिलेल्या अनुभवी स्त्रियांना पुन्हा उभे करण्यासाठी टाटा समूहाने २००८मध्ये स्वतंत्र योजना आखली. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने तर २००२च्या सुमारासच खंड पडलेल्या महिला वैज्ञानिकांना संशोधनात परत आणण्याचा उपक्रम हाती घेतला. परतीची वाट उघडी असेल, तर राजीनामा हा शेवट ठरत नाही.

वेळेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. उद्योगवाढीचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु कर्जत किंवा विरारहून मुंबईत येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दिवसातील हा वाढीव तास मुलाच्या अभ्यासातून आणि आईवडिलांच्या सोबतीतून वजा होतो. तो तास घेणाऱ्याने दुसऱ्या बाजूला काय परत दिले, हे विचारण्याचा अधिकार कुटुंबाला आहे.

उद्योगाला बोल लावताना स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात सहभागी असणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७. कार्यालयाने सहा वाजता सोडले तरी घरी पोहोचताच जिची दुसरी पाळी सुरू होते, तिला कोणती सवलत पुरी पडणार? सकाळी शाखेत आणि रात्री बैठकीत असणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी मुलांचा अभ्यास कोण घेते, वृद्ध आईचे औषधपाणी कोण पाहते? त्या गृहिणीचा त्याग वंदनीय आहे. पण वंदन करून तिचा भार हलका होत नाही. बाळाच्या आजारपणात बापाने रजा मागितली, तर त्याच्याकडे हसून पाहण्याची वृत्ती आपल्या समाजातूनच कार्यालयात गेली आहे. मूल वाढवणे ही केवळ आईची जबाबदारी मानली जाईल, तोपर्यंत मालकाला स्त्रीची नेमणूक हाच धोका वाटत राहील. कुटुंब प्रबोधनाचा आरंभ म्हणूनच स्वतःच्या स्वयंपाकघरापासून व्हायला हवा.

संघविचारांच्या कुटुंबांतून आज हजारो लहानमोठे उद्योजक, व्यवस्थापक आणि अधिकारी घडले आहेत. पुढची नेमणूक करताना, पुढचा रजेचा अर्ज हातात घेताना निर्णय त्यांच्याच लेखणीत असतो. अर्जावरील नावामागे एक घर उभे असते, एवढे भान त्या क्षणी राहिले, तर औद्योगिक परिवार हा शब्द ग्रंथातून कारखान्यात उतरेल. शासनाने आपला वाटा उचलावा आणि घरातील पुरुषाने आपला. पण पहिले पाऊल टाकण्यासाठी उद्योजकाने कोणाच्या अधिसूचनेची वाट पाहण्याची गरज नाही.