अनुभव : गुण की गुन्हा?

मराठी समीक्षेने ‘अनुभव’ या शब्दाची मनोभावे पूजा केली. अनुभवविश्व, अनुभवाची अस्सलता हे आम्हां साहित्यवाल्यांचे लाडके निकष. मात्र आमच्याच नागपुरात वीस वर्षे संगणकप्रणाली रचलेला अभियंता नोकरी शोधू लागतो, तेव्हा हाच अनुभव त्याच्यावरचा आरोप ठरतो. पगार जास्त, वय जास्त; सबब, नको!

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० जणांची, म्हणजे दोन टक्के मनुष्यबळाची, कपात जाहीर केली. कुऱ्हाड मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होती. त्याआधी जूनमध्ये तिथे नियम आला होता : वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर, ‘बेंच’वर ३५ दिवसांहून अधिक नाही. प्रकल्प मिळणे कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या हाती नसते. दोष मात्र त्याचा.

‘कौशल्य कालबाह्य झाले’, असे या व्यवसायात सांगितले जाते. आम्ही विचारतो, वर्षानुवर्षे एकाच ग्राहकाची जुनी प्रणाली सांभाळायला कोणी लावले?

मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या. तरी आईवडिलांसाठी पुण्या-बंगळुरूहून परतू पाहणाऱ्या ज्येष्ठासमोर दारे मोजकीच.

नेमाड्यांचा चांगदेव प्राध्यापकी करत गावोगाव बिऱ्हाड हलवत राहिला. त्याला आपण नायक मानले. हा अभियंता मात्र ‘गलेलठ्ठ पगारवाला’ म्हणून परका! माणसाला ‘रिसोर्स’ म्हणणाऱ्या भाषेची झडती भाषेच्या अभ्यासकांनी घ्यायची नाही, तर कोणी?