मॅरेथॉन : चोचले कुणाचे?

‘मॅरेथॉन म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांनी पहाटे साडेचारला शिवाजी पार्कला एक चक्कर मारावी. परत जाऊन डबे भरून सातची लोकल गाठणाऱ्या बायका तिथे दिसतील. मी त्यांतलीच, वय ४७. पहिल्या ४२.१९५ किलोमीटरसाठी सहा महिने सराव केला. पायांपेक्षा ऑक्टोबरच्या दमट हवेने आणि खणून ठेवलेल्या फुटपाथांनी जास्त छळले. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरनंतर येतो. म्हणून रविवारी मुद्दाम शेवटी तोच चढत असे. मॅरेथॉनच्या दिवशी रस्ते बंद राहतात ही पत्रलेखकांची तक्रार मात्र रास्त. आमच्या सासूबाईंचाही त्या दिवशी खोळंबा झाला. बाकी चोचल्यांचे म्हणाल, तर डाव्या अंगठ्याचे नख अजून काळेच आहे.

— एक वाचक, माहीम