विहिरीचे चिरे मोजताना

दत्तजयंतीला आम्ही दोघं गुहागरला आलो, उद्या सामान बांधायचं. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते म्हणतात, तसंच आम्हीही निघतोय.

पण ह्यांचं मन अजून निघत नाही. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) थंडीत ह्यांचा दमा उसळतो. इथे दोन महिन्यांत रात्री एकदाही उठून बसावं लागलं नाही. तिकडून मुलाचा फोन, "आई, जूनपर्यंत राहा ना! नाहीतर तिथेच एक लहानसा फ्लॅट घेऊ." घरमालकीणबाईही म्हणतात, "राहा हो काकू, कसली अडचण!" मग मीच का नको म्हणते?

कारण मागच्या दारची विहीर. आलो तेव्हापासून रोज सकाळी मी तिच्यात डोकावते. जन्म नगर जिल्ह्यात गेलेल्या बाईची खोड, दुसरं काय! दोन महिन्यांत जांभ्याचे चार चिरे उघडे पडलेत. गेल्या आठवड्यापासून पोफळींचं शिंपणं एक दिवसाआड झालंय. अडचण कोणी बोलून दाखवत नाही, पण ती दिसते.

आपल्याला वाटतं, कोकणात कसली पाण्याची ददात! आमच्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, इथे तीन हजारांच्या वर. पण उतार तीव्र, जांभा दगड सच्छिद्र, समुद्र जवळ. पडलेलं पाणी थांबतच नाही. एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांवर टँकर जातात. आणि समुद्रकाठच्या विहिरीतून फार उपसा झाला, तर खारं पाणी आत शिरतं. मग माणसांचेही हाल, बागेचेही.

हे म्हणतात, "आपण दोन म्हातारी माणसं, किती पाणी लागणार? शिवाय भाडं देतो." खरं आहे. पण भाडं खोलीचं असतं, झऱ्याचं नव्हे. आणि प्रत्येक पाहुणा 'मी एकटा किती वापरणार' असंच म्हणणार.

आमच्या जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस कमी, तर पिकंही त्या हिशोबाने. ते गाव उभं करणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केलं. मग तोच हिशोब पाहुणा म्हणून गेल्यावर का विसरायचा?

माझं म्हणणं एवढंच, की थंडीपुरतं आलेल्याने थंडी संपली की निघावं. यजमानाने सुचवण्याची वाट पाहू नये. फ्लॅट तर नकोच. वर्षातले दहा महिने कुलूप लावायला घर कशाला? पुढच्या वर्षी प्रकृतीने साथ दिली तर पुन्हा दत्तजयंती ते महाशिवरात्र, तसं घरमालकीणबाईंना सांगूनही ठेवलंय.

ह्यांच्या दम्याची काळजी मला नाही असं नाही. नगरची धूळ आहेच. घरी गेल्यावर पंप, औषधं, सकाळी खिडक्या बंद, सगळं सांभाळावं लागेल. पण आपला श्वास मोकळा व्हावा म्हणून दुसऱ्याच्या घशाला कोरड पाडणं मला पटत नाही.

ह्यांनी अजून "बरं" म्हटलेलं नाही. पण काल संध्याकाळी समुद्रावरून येताना बॅगेची तुटलेली चेन मात्र दुरुस्त करून आणली.

असो. बाकी नगरला पोचल्यावर.