तारे आणि दिवे

ताऱ्यांचे छायाचित्र काढायला महागडा कॅमेराच हवा, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. ज्या साध्या कॅमेऱ्याचे शटर पंधरा-वीस सेकंद उघडे ठेवता येते, तोही पुरेसा आहे. ताऱ्यांचा प्रकाश मंद असतो. तो गोळा व्हायला वेळ लागतो. म्हणून कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा, फ्लॅश बंद करावा आणि हाताचा धक्का लागू नये म्हणून टायमर लावावा. शटर अर्धा तास उघडे ठेवले, तर ताऱ्यांच्या रेषा उमटतात. पृथ्वी फिरते, याचा तो पुरावाच होय.

हिवाळ्यात कृत्तिकांपासून सुरुवात करा. उर्दूत आपण त्यांना सुरय्या म्हणतो. त्यांच्यामागून उगवणाऱ्या रोहिणीला अरबांनी 'अद्-दबरान', म्हणजे मागून येणारा, असे नाव दिले.

परंतु अकोला किंवा अमरावती शहरातून हे तारे फिके दिसतात. दोष कॅमेऱ्याचा नाही, आकाशाकडे उधळलेल्या उजेडाचा आहे. मेळघाटात चिखलदऱ्याला तेच तारे ठळक दिसतात. जानेवारी २०२४ मध्ये विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी जवळच्या गावांतील दिवे जमिनीकडे तोंड करून बसवण्यात आले.

रात्री घरी परतणाऱ्यांना रस्त्यावर उजेड हवाच. पण तो रस्त्यावर पडावा, आकाशात नव्हे. पेंचजवळच्या खेड्यांना जे जमले, ते आपल्या मोहल्ल्याला का जमू नये?