रुळांच्या मजल्यावरचे रुग्णालय

१९८० साली डेन्मार्कमध्ये बांधलेले, आगगाड्यांचे डबे पोटात घेऊन सामुद्रधुनी ओलांडणारे एक जहाज २००७ साली ‘आफ्रिका मर्सी’ या नावाने रुग्णसेवेत रुजू झाले आणि जेथे पूर्वी रूळ होते तेथेच शस्त्रक्रियागृहे उभी राहिली, हे ऐकून ज्यांच्या डोळ्यांपुढे अद्भुतरम्य सागरसफर तरळते, त्या नवागत स्वयंसेवकांचा भ्रमनिरास फार लवकर होतो. कारण जहाज महिनोन्महिने धक्क्यालाच बांधलेले असते, सामायिक खोलीत सारे बिऱ्हाड पलंगाच्या एका पडद्याआड मावावे लागते, गोड्या पाण्याच्या काटकसरीपायी स्नान दोन मिनिटांत उरकावे लागते, आणि पगार तर नाहीच, उलट पदरमोडच करावी लागते. (आमच्याकडील ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ निदान घरचे तरी जेवतो!) तथापि परकेपणाची खरी तड लागते ती रक्ताच्या निकडीने: येथील रक्तपेढी म्हणजे जहाजावरची माणसेच, त्यामुळे ज्याचा रक्तगट जुळेल त्याला अवेळीही बोलावणे येते, मग तो शल्यविशारद असो वा मुदपाकखान्यातला मदतनीस, आणि हा मदतनीस, रक्त देऊन झाल्यावर, कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा दाबून थोडा वेळ बसतो, सरबत पितो आणि पुन्हा आपल्या कांद्यांकडे वळतो.