फाटकावरचा पहारा आणि प्रयोगशाळेतील मृत्यू

विद्यापीठांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की राज्यकर्त्यांच्या व व्यवस्थापनांच्या डोळ्यांपुढे सर्वप्रथम फाटक उभे राहते. भिंती उंच करा, पहारेकरी वाढवा, ओळखपत्रे तपासा, एवढे केले की आपले कर्तव्य संपले अशी त्यांची समजूत असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत घडलेल्या दोन घटना ही समजूत किती अपुरी आहे हे दाखवितात.

२८ डिसेंबर २००५ रोजी या संस्थेच्या जे. एन. टाटा सभागृहाबाहेर, परिषदेहून परतणाऱ्या शास्त्रज्ञांवर अतिरेक्यांनी गोळीबार केला. दिल्लीच्या आय.आय.टी.चे गणिताचे प्राध्यापक एम. सी. पुरी त्यात ठार झाले, इतर काही जण जखमी झाले. अशा भ्याड हल्ल्यांपासून विद्यापीठांचे संरक्षण झालेच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

त्यानंतर तेरा वर्षांनी, ५ डिसेंबर २०१८ रोजी, त्याच आवारात पुन्हा मृत्यू आला. या वेळी तो फाटकातून आला नव्हता. ध्वनीच्या पाचपट आणि त्याहून अधिक वेगाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत वायूच्या सिलिंडरचा स्फोट झाला. एक तरुण संशोधक जागीच मरण पावला, तिघे गंभीर जखमी झाले. हे चौघे संस्थेचे कायम नोकर नव्हते. संस्थेच्याच आश्रयाने उभ्या राहिलेल्या एका खाजगी कंपनीत ते काम करीत होते. जागा संस्थेची, नोकरी कंपनीची. अशा व्यवस्थेत जिवाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न स्फोटापूर्वीच विचारला जावयास हवा होता.

सिलिंडर हायड्रोजनचे होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. हवेत तो शेकडा ४ पासून ७५ पर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी पेट घेऊ शकतो, आणि त्यासाठी बारीकशी ठिणगीही पुरते. हलका असल्याने तो छतापाशी साठतो. म्हणून सिलिंडर शक्यतो इमारतीबाहेर ठेवावीत, साखळीने बांधावीत, छताला वायुवीजन असावे, गळती ओळखणारे यंत्र असावे, हे नियम जुनेच आहेत. यात गूढ काही नाही. त्यासाठी खर्च करावा लागतो, आणि कामाची घाई झाली तरी नियमाला मुरड घालावयाची नाही असे सांगण्याचा अधिकार कोणाला तरी असावा लागतो.

ही गोष्ट एका संस्थेपुरती नाही. २९ डिसेंबर २००९ रोजी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील प्रयोगशाळेला आग लागून दोन तरुण संशोधकांचा अंत झाला. २०१० साली दिल्ली विद्यापीठाने वापरात नसलेले किरणोत्सारी उपकरण भंगारात विकले. त्यातील कोबाल्टने मायापुरीच्या भंगारबाजारात कामगार होरपळले, एकाने प्राण गमावला. तो कामगार विद्यापीठाची पायरीही चढला नव्हता. विद्वानांच्या निष्काळजीपणाची किंमत त्याने मोजली.

यावर व्यवस्थापनांचे उत्तर ठरलेले असते : संशोधनात धोका असावयाचाच. धोका खाणीतही असतो, गिरणीतही असतो. म्हणून खाणकामगाराने वा गिरणीकामगाराने तो मुकाट्याने पत्करला नाही. कायदा करून घेतला. १९८४ च्या भोपाळच्या संहारानंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक उद्योगांत कामगारांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती असावी आणि धोका दिसताच तो निदर्शनास आणून देण्याचा हक्क कामगाराला असावा, हे तत्त्व तीत मान्य झाले. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली असली तरी सुरक्षा समितीची तरतूद तिच्यातही आहे. परंतु शिष्यवृत्तीवर राबणारा संशोधक कामगार गणला जात नाही. रात्री-बेरात्री तो तीच रसायने हाताळतो, मात्र मार्गदर्शकाला ‘हे काम असे करणार नाही’ म्हणाला तर त्याची पदवी अडू शकते. भय असेल तेथे सूचनाफलक कितीही लावले तरी सुरक्षितता येत नाही.

परदेशातही ही जाग माणूस गेल्यानंतरच आली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात २००८ च्या डिसेंबरात भाजलेली तेवीस वर्षांची संशोधन-साहाय्यक जानेवारी २००९ मध्ये मरण पावली. विद्यापीठावर व प्राध्यापकावर फौजदारी खटला उभा राहिला, तेव्हा कोठे २०१२ साली विद्यापीठाने सुरक्षा-सुधारणांची हमी दिली.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक विद्यापीठात सुरक्षा समिती हवी आणि तीत संशोधक विद्यार्थी, तंत्रज्ञ, कंत्राटी कर्मचारी व सफाई कामगार यांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत. धोकादायक प्रयोग थांबविण्याचा अधिकार त्या समितीला हवा. प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला पाहिजे. खाजगी कंपनीला प्रयोगशाळा देताना तेथील माणसांच्या विम्याची व नुकसानभरपाईची जबाबदारी संस्थेनेही लेखी स्वीकारली पाहिजे. धोक्याच्या सूचना सिलिंडर वाहणाऱ्या हमालाला व रात्रीच्या पहारेकऱ्याला कळतील अशा भाषेत, म्हणजे बंगळूरमध्ये कन्नडमध्ये आणि मुंबई-पुण्यात मराठीत लिहिल्या पाहिजेत. आग लागल्यावर बाहेर पडण्याचा सराव सर्वांसाठी, ठराविक मुदतीने, झाला पाहिजे.

हे कुलगुरूंच्या परिपत्रकाने होणार नाही. प्राध्यापक, विद्यार्थी व शिक्षकेतर कर्मचारी यांच्या संघटना आज आपापल्या मागण्या घेऊन वेगवेगळ्या लढतात. जिवाच्या सुरक्षिततेची मागणी ही त्यांना एकत्र आणणारी पहिली मागणी होऊ शकते, आणि ती पुढच्या स्फोटाची वाट न पाहता आजच हाती घेतली पाहिजे.