टँकरचं पाणी, गावठाणचा डीपी अन् पत्र्याचं घर : कूलर घ्यायचा की एसी?

शिरूर कासार : होळी झाली की शिरूरच्या दुकानांपुढे लोखंडी कूलर ओळीने मांडले जातात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी एसीचे खोकेही दिसू लागले आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हप्त्याची सोय आधीपासून आहेच. त्यामुळे पूर्वी दवाखान्यात नाहीतर सोनाराच्या दुकानात दिसणारा एसी आता रायमोहा, खालापुरी, तिंतरवणी भागातल्या घरांतही विचारात घेतला जातोय. घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असेल तर तो चैनीचा विषयही राहत नाही. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेला की पत्र्याखाली दुपार काढणे म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको.

अडचण अशी की मशीन आधी घेतले जाते आणि पाणी, वीज, छत यांचा विचार नंतर होतो. या तालुक्यात हे उलटे करावे लागेल.

कूलरचेच बघा. आपल्या भागासाठी कूलर मुळात चांगला आहे, कारण इथला उन्हाळा कोरडा. बाहेर 42 अंश आणि हवेत दमटपणा 15 टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या जाळीचा कूलर 27-28 अंशांपर्यंत थंड हवा देऊ शकतो. मुंबई-कोकणात हे जमत नाही. इथेही जूनमध्ये पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर नुसता पंखा होतो, वरून अंग चिकट करतो. खिडकी उघडी ठेवावी लागते हेही बरेच जण विसरतात. बंद खोलीत कूलर लावला तर तासाभरात आत दमट हवा कोंडते आणि मग दुकानदाराला शिव्या बसतात. दुकानदाराची चूक एवढीच की त्याने सांगितले नाही.

खरी गोम पाण्यात आहे. मध्यम कूलर तासाला सात-आठ लिटर पाणी उडवतो. रात्रभर आठ तास चालला की साठ लिटर गेले. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरचे पाणी माणशी रोज 20 लिटर या हिशेबाने दिले जाते. म्हणजे पाच माणसांच्या घराला शंभर लिटर, आणि त्यातले साठ एकटा कूलर पिणार! ज्याच्या बोअरला मेअखेर पाणी टिकते त्याला हा प्रश्न नाही. पण 2018 च्या दुष्काळात हा तालुका होता, आणि सिंदफणेचे पात्र उन्हाळ्यात कसे असते ते सगळ्यांनी पाहिलेले आहे. कूलर विकत घेताना वर्ष चांगले असते, म्हणून हा हिशेब डोक्यात येत नाही. त्यात बोअरचे पाणी जड असेल तर जाळीवर पांढरा थर चढतो आणि दुसऱ्या वर्षी जाळी बदलावी लागते. टाकीतले पाणी आठवड्याला एकदा पूर्ण काढून कोरडे केले नाही तर त्यात डेंग्यूचे डास होतात, हे आशाताई दरवर्षी दारोदार सांगतात, तरी टाक्या भरलेल्याच असतात.

मग एसी घ्यावा का? एसीला पाणी लागत नाही, वीज लागते. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर सात-आठ युनिट धरा, महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास. कूलर तेवढ्याच वेळेत दीड युनिटच्या आत भागवतो. ज्या घराचे बिल आज 80 युनिटचे आहे ते एसीने 300 वर जाते. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटच्या पुढचा टप्पा पहिल्यापेक्षा जवळपास दुप्पट महाग आहे. म्हणजे युनिट पावणेचारपट होतात आणि बिल त्याहून जास्त वाढते. हप्ता भरायची तयारी ठेवून लोक एसी आणतात, बिलाची तयारी कुणीच केलेली नसते.

एसीवरच्या स्टारच्या कागदावर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेले असते. तो आकडा 1600 तासांचा असतो. दोन मशीनची तुलना करायची तर स्टार मोजण्यापेक्षा हे आकडे शेजारी ठेवून बघावेत. 2020 पासून स्टार असलेले एसी सुरू होताना 24 अंशांवरच सुरू होतात. ते 18 वर नेऊन गोधडी घेऊन झोपणारेही आहेत. एक अंश वर ठेवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असे वीजबचतीचे काम पाहणारी केंद्राची संस्था सांगते. 26 वर ठेवून पंखा लावला तर झोप तितकीच लागते.

व्होल्टेजचा प्रश्न वेगळाच. गावठाणच्या 63 केव्हीएच्या डीपीवर वीस एसी एकाच वेळी चालू झाले तर 30 किलोवॅट भार नुसता त्यांचाच होतो. बाकी घरांचे पंखे, फ्रिज, गिरणी त्यावरच. व्होल्टेज पडले की पहिला त्रास एसीवाल्यालाच, आणि डीपी जळाला तर सगळ्या गल्लीला. वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. तो एक किलोवॅट किंवा त्याहून कमी असेल तर एसी बसवण्याआधी भार वाढवून घ्यायला पाहिजे. तो वाढवत कुणी नाही, म्हणून महावितरणच्या कागदावर गावात एसीच नाहीत, आणि डीपीची क्षमता वाढवून मागायची म्हटलं तर आधार सापडत नाही. इथे दोष एकट्या कंपनीचा नाही.

आता छत. मराठवाड्यात पूर्वी माळवदाची घरे होती. लाकडावर जाड मातीचा थर, दुपारी आत गारवा. पण दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागे, गळती लागे, आणि 1993 च्या किल्लारी भूकंपात जड मातीच्या छतांनी माणसे गाडली गेली, तेव्हापासून लोकांचे मन त्या घरांवरून उडाले. पत्रा आला तो स्वस्त आणि हलका म्हणून. त्यात चूक काही नाही. मात्र पत्र्याखालच्या खोलीत दीड टनाचा एसी लावून उपयोग होत नाही. वरून तापलेला पत्रा आणि भिंत-पत्र्यातली फट, दोन्ही मिळून गारवा खाऊन टाकतात. मशीन थांबतच नाही.

म्हणून पहिला खर्च छतावर हवा, आणि तो सगळ्यात कमी आहे. पत्र्यावर किंवा स्लॅबवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला तर आतले तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. तेलंगणाने 2023 मध्ये यासाठी राज्याचे धोरणच केले. अहमदाबाद महापालिकाही झोपडपट्टीतल्या छतांवर हे काम करते. आपल्याकडे शेडनेट घरोघर आहे. ते पत्र्याला चिकटवून न टाकता फूटभर वर बांधले तर मधून हवा खेळते. थर्माकोलचे सीलिंग मात्र टाळावे, ठिणगी पडली की ते पेट घेते. पत्र्यावर पाचट पसरण्यालाही तोच धोका.

यानंतर बसवणारा माणूस. कंपनी कोणतीही असो, एसी चालतो तो फिटरच्या हातावर. तांब्याची नळी जोडल्यावर पंप लावून आतली हवा ओढून काढावी लागते. घाईतला फिटर थोडा गॅस सोडून हवा ढकलतो आणि ‘झालं’ म्हणतो. असा एसी दोन उन्हाळ्यांत कुरकुरायला लागतो. नवीन एसीत बहुतेक आर-32 गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे बिडी ओढत काम करणाऱ्याच्या हाती तो देऊ नये. पंप आहे का, नळीचे आणि स्टँडचे पैसे वेगळे किती, हे आधी विचारून कागदावर घ्यावे. अर्थिंगचे तर कूलरलाही तितकेच लागू आहे. ओल्या हाताने लोखंडी कूलरला हात लागून शॉक बसल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. घरात आरसीसीबी असेल तर गळती होताच वीज तुटते. मोटार चालू असताना टाकीत पाणी ओतू नये, आधी पिन काढावी.

बिलाला उतारा म्हणून सोलरचे नाव निघते. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. दोन किलोवॅटला 60 हजार आणि तीन किंवा त्यापुढे 78 हजार अनुदान मिळते. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देते, म्हणजे दोन किलोवॅटमध्ये एका एसीचे भागते. पण विकणारा एक गोष्ट सांगत नाही : बॅटरी नसलेला हा सोलर लाइट गेली की बंद पडतो. भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचनाच असते. वळवाच्या पावसात तार तुटली तर वर पॅनल असूनही घरात पंखा फिरणार नाही. सोलरने बिल कमी होते, भारनियमन नाही.

ठेकेदार सरकारी पोर्टलवर नोंदणी असलेलाच लागतो. अनुदान जोडणी होऊन तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येते, म्हणून ‘अनुदान आम्हीच काढून देतो, पासबुक आमच्याकडे ठेवा’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. पॅनल देशात बनलेले असावे लागते, नाहीतर अनुदान अडकते. पाच वर्षे देखभाल ठेकेदाराकडेच असते.

त्या पाच वर्षांचा प्रश्न या तालुक्यात जरा निराळा आहे. दसरा-दिवाळीनंतर कोयता निघतो आणि घराला कुलूप लागते ते मार्च-एप्रिलपर्यंत. घर वापरात येते ते नेमके उन्हाळ्यात, तेही उचल फेडून हातात उरलेल्या पैशांवर. अशा घराने एसीचा हप्ता वर्षभर भरायचा आणि मशीन वापरायचे तीन महिने. चुना, शेडनेट आणि एक बरा कूलर, हेच तिथे परवडते, पाणी असेल तर. सोलर घेतलाच तर पाच महिने पॅनलवर धूळ बसणार, तार सुटली तर बघायला कुणी नसणार. शेजाऱ्याला सांगून ठेवावे लागेल, आणि ठेकेदाराच्या पावतीवरचा देखभालीचा नंबर पैसे देण्याआधीच एकदा लावून बघावा लागेल.